'बारी' आणि 'बेरड' लागोपाठ वाचली. आता पीयूसीतल्या पोरीला आधी कुठलं देऊ?

सॅम्पलवाला, बेळगाव

नमस्कार मंडळी. मी औषध कंपनीत एमआर आहे. हेडक्वार्टर बेळगाव, एरिया म्हणजे हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी आणि अधनंमधनं गोकाक. आमच्या धंद्यात डॉक्टरांसमोर मिनिटभर उभं राहायला मिळतं, आणि त्या मिनिटासाठी पेशंटांच्या रांगेत बाकड्यावर तास-तास बसावं लागतं. बाकीचे एमआर मोबाईल बघतात. माझ्या बॅगेत सॅम्पलच्या खाली एक पुस्तक कायम असतंय. यंदाचा पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस मिळून बरंच वाचून झालं. त्यावर आधी थोडं बोलतो, मग प्रश्न विचारतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात रणजित देसाईंच्या 'बारी'नं केली. १९५९ ची कादंबरी, म्हणजे 'स्वामी'च्याही आधीची. सुतगट्टीचं जंगल आणि तिथली बेरड जमातीची वस्ती. मी त्याच घाटातनं जातो-येतो. आता रस्ता एवढा रुंद झालाय की घाट लागला कधी आणि संपला कधी कळत नाही, हत्तरगीचा टोल आला की समजायचं, उतरलो. पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा काकती ओलांडून गाडी हळू केली आणि आजूबाजूला नीट बघितलं. देसाईंनी जंगल असं लिहिलंय की पावसाचा वास येतो. जंगल तुटत जातं तशी माणसंही आतनं मोडत जातात, ते फार चांगलं उतरलंय. संकेश्वरच्या एका दवाखान्यात वाचत होतो, माझा नंबर आला तरी उठू वाटेना.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. यातले बेरड देखणे आहेत. उघड्या अंगाचे, शब्दाला जागणारे, रागात सुद्धा देखणे. झाडांकडं ज्या नजरेनं लेखक बघतो, त्याच नजरेनं माणसांकडं बघतो. वाचताना बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय म्हणूनच शंका येते.

म्हणून लगेच भीमराव गस्तींचं 'बेरड' काढलं. हे आत्मकथन, १९८७ चं. यमनापूर. ॲल्युमिनियमचा कारखाना आहे त्या बाजूचं, बेळगावातनं रिक्षानं जाता येईल एवढं जवळ. माझं अर्धं आयुष्य त्या फाट्यावरनं जाण्यात गेलंय. इथं जंगलाचं कौतुक करायला कुणाला सवडच नाही. चोरी कुठंही होऊ दे, पोलीस येणार वस्तीत, आणि हाताला लागेल त्याला उचलून नेणार. इंग्रजांनी १८७१ पासनं जमातीच्या जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. स्वतंत्र झाल्यावर १९५२ ला तो कायदा रद्द झाला. गस्ती सांगतात ते सगळं त्याच्या नंतरचं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. भूक, मार, शाळेसाठीची ओढाताण. देसाईंच्या पुस्तकात जंगल मध्यभागी आहे, गस्तींच्या पुस्तकात पोलीस चौकी. अंतर म्हणाल तर दोन्ही जागा एकमेकांपासनं हाकेवर.

तरी पुस्तक म्हणून माझी तक्रार आहेच. 'बेरड'चा पहिला भाग मी श्वास रोखून वाचला, पण पुढं कामाचं, संघटनेचं वर्णन यायला लागलं तसा माझा वेग कमी झाला. गस्तींना सांगायचं एवढं आहे की एखाद्या माणसापाशी थांबून त्याच्याकडं बघायला त्यांना वेळ नाही. मला त्या माणसांबद्दल आणखी ऐकायचं होतं. देसाईंकडं वेळच वेळ, पण त्यांच्याकडं चौकी नाही. एकाच लेखकाकडं दोन्ही असतं तर, असं सारखं वाटत राहिलं.

बाकीची भराभर सांगतो.

गिरीश कार्नाडांचं 'खेळता खेळता आयुष्य', उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं. अर्पणपत्रिका वाचूनच मी बाकड्यावर हसलो. त्यांची आई पोटुशी असताना गर्भ पाडायचा म्हणून पुण्यात दवाखान्यात जाऊन बसली होती, डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत. पुस्तक त्या न आलेल्या बाईंना अर्पण! डॉक्टर जाग्यावर नसले की आम्ही एमआर लोक मनातल्या मनात काय-काय बोलतो ते इथं लिहिता येणार नाही. इथं एक डॉक्टर जाग्यावर नव्हत्या म्हणून 'तुघलक' लिहिणारा माणूस जन्माला आला. धारवाडचा भाग सगळ्यात सरस. मनोहर ग्रंथमाला या प्रकाशनसंस्थेच्या माडीवर बसून पोरगेला कार्नाड मोठ्यांचं बोलणं ऐकतो, ती पानं मी दोनदा वाचली. सिनेमावाले यायला लागल्यावर मात्र थोडं हिशोब चुकते केल्यासारखं वाटतं. स्वतःला सोडत नाहीत हे खरं, पण दुसऱ्यांना तर मुळीच सोडत नाहीत.

कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. याला साहित्य अकादमी मिळालं २०२३ ला, मी आत्ता वाचलं. धरणानं उठवलेला देवाप्पा मागं राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावात परत जातो, आणि म्हैस तोवर रानाची झालेली असते. एवढीच गोष्ट. वाचायला सोपी नाही, दवाखान्यातल्या गलक्यात तर नाहीच. घरी पहाटे उठून संपवली. हुक्केरीला कॉल असला की मला हिडकल धरण आठवतंच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतंय, लोक गाड्या काढून बघायला येतात, फोटो काढतात. देऊळ सगळ्यांना दिसतं, त्याच्या भोवतीचं गाव कुणाचं होतं आणि ती माणसं गेली कुठं, हे विचारणारा मला अजून भेटला नाही. मी पण विचारलं नव्हतं. आता एका कंपाउंडरला विचारलंय, त्याचे आजोबा तिकडचेच निघाले. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

राजन गवसांचं 'चौंडकं'. डोक्यात जट आली म्हणून देवीला सोडलेली पोरगी. १९८५ चं पुस्तक. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८२ ला, कर्नाटकानं देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केलेला. यल्लम्माचं सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात की ओ. जत्रेच्या दिवसांत भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गाड्या 'उदं गं आई उदं' करत माझ्या पुढनं जातात, मी हॉर्न वाजवून पुढं निघतो. आता हॉर्न वाजवताना हात थोडा अडखळतो, एवढं पुस्तकानं केलं. भाषा गडहिंग्लजकडची, आमच्या आजीची. गवस रडू आणायला जात नाहीत, म्हणून जास्त लागतं.

आणि 'पर्व'. २०२५ च्या सप्टेंबरात भैरप्पा गेले तेव्हा पुन्हा काढलं. महाभारतातले देव काढून टाकले की उरतात ती म्हातारी होत चाललेली, थकलेली, एकमेकांना कंटाळलेली माणसं. युद्धाची पानं तर अशी की वास मारतो. पण यावेळी दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, सगळे पुरुष एकाच आवाजात विचार करतात. भीम, कर्ण, भीष्म, सगळेच भैरप्पांसारखे वादाला पक्के. बायका तेवढ्या वेगवेगळ्या वाटल्या.

आता प्रश्न. माझी मुलगी पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. इंग्लिश मीडियम, शाळेत कन्नड, घरात मराठी. मराठी वाचते, पण सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचावं तशी. मागच्या आठवड्यात आपणहून म्हणाली, 'पप्पा, मराठीतलं काहीतरी दे, पण आपल्या इकडचं दे, पुण्याचं नको.' तेव्हापासनं मी अडकलोय. 'बारी' आधी दिली तर तिच्या मनात ते देखणे बेरड बसणार, मग 'बेरड' वाचताना तिला सारखं दोन चित्रांत झगडावं लागणार. 'बेरड' आधी दिलं तर 'बारी' तिला कधीच आवडणार नाही, आणि तेही मला नको आहे. 'चौंडकं' एवढ्यात द्यावं का कळत नाही. तुम्ही काय केलं असतं? आणि आपल्या इकडचं तिसरं काही आहे का, आतल्या माणसानं लिहिलेलं आणि तरी कादंबरीसारखं निवांत?

---

रामदेव गल्ली

सॅम्पलवाले, आपले वाचन पाहून आनंद झाला. परंतु 'बारी'वर आपण अन्याय करता आहात, असे स्पष्ट म्हणतो.

१९५९ साली मराठी कादंबरीत बेरड कुठे होता? देसाई कोवाडचे. कोवाड आज महाराष्ट्रात असले तरी कोर्टकचेरी सोडली तर त्या गावाची बाजारपेठ आणि बाकी सारे व्यवहार बेळगावशी. हा मुलूख त्यांनी पुण्यात बसून कल्पिलेला नाही. आपण ज्याला देखणेपणा म्हणता तो त्यांच्या लेखणीचा स्वभाव आहे. माधवराव पेशवेही त्यांनी देखणेच लिहिले. तिथे आपण तक्रार केली नाहीत, बेरडांच्या बाबतीत मात्र करता. का? ज्याला उभा जन्म हीन लेखले गेले त्याला एका लेखकाने रुबाब दिला, तर त्यात नेमके बिघडले काय?

कादंबरीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही हल्लीची रीत मला मान्य नाही. साक्ष हवी असेल तर 'बेरड' आहेच, आणि ती साक्ष कुणी नाकारू शकत नाही.

मुलीबद्दल म्हणाल तर माझ्या मते दोन्ही पुस्तके थांबू देत. तिला प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्या. लंपन आजी-आजोबांकडे राहतो ते गाव म्हणजे आपलाच परिसर, रस्त्यात कन्नड, घरात मराठी, अगदी तुमच्या मुलीसारखे. कथा सुट्या आहेत, एका बैठकीत एक होते. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', अशी चार पुस्तके सरली की तिचे बोट ओळीवरून आपोआप सुटेल. २०२४ साली त्यावर मालिकाही आली, गोव्याच्या महोत्सवात तिला पारितोषिक मिळाले. मी ती अर्धीच पाहिली. माझ्या मनातला लंपन मला बदलायचा नव्हता.

पुस्तके आमच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतील. १८४८ पासूनची संस्था आहे, सभासद होऊन टाका. बेळगावात राहून सभासद नसलेला वाचक मला पटत नाही.

---

तवंदीची लेक

दादा, मी निपाणीची, आता चिकोडीत असते. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

रामदेव गल्लीवाल्या काकांचं लंपनबद्दलचं म्हणणं खरं आहे, मला पण तो पोरगा फार आवडतो. इंदिराबाई संत आमच्या तवंदीच्या, प्रकाश संत त्यांचा मुलगा, त्यामुळं आम्हाला तो घरचाच. पण काका, राग मानू नका, त्या पुस्तकांत माझी आई कुठं दिसत नाही. आई तंबाखूच्या वखारीत होती. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, पदराला वास तंबाखूचा, आम्हाला जवळ घेतलं की आधी शिंका. लंपनच्या गावातनं चालताना छान वाटतं, मात्र तिथं वखार लागत नाही. ती संतांची चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी एका लहान मुलाला दिसलं तेवढंच लिहिलं, आणि ते लई प्रामाणिकपणानं लिहिलं.

तुम्ही 'तिसरं' विचारलंत ना, ते आहे. महादेव मोरे. निपाणीचे, २०२४ मध्ये वारले. पिठाची गिरणी चालवायचे. त्याआधी गॅरेज, गाड्या, ड्रायव्हरकी असलंच सगळं आयुष्य. गिरणीत दळण टाकायला गेलं की पिठानं पांढरे झालेले मोरे दिसायचे, आणि हेच ते पुस्तकं लिहिणारे, हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. 'एकोणिसावी जात' वाचा. गाडीवाले, मजूर, वखारीतल्या बाया, ज्यांच्याबद्दल लिहायला काही आहे असं कुणाला वाटत नाही, ती सगळी माणसं त्यांच्याकडं आहेत, आणि ती बोलतात पण तशीच. देखणी कुणीच नाहीत! पुण्या-मुंबईत त्यांना काय मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी कुणासमोरही सांगेन.

अजून एक. निपाणी म्हटलं की लोक १९८१ चं तंबाखूचं आंदोलन काढतात. शरद जोशी, हायवेवरचा तो ठिय्या, शेवटी झालेला गोळीबार. त्याच्यावर लिहिलेलं आहे, आणि असायलाच हवं, शेतकऱ्यांनी जीव दिलेत. पण शेतकऱ्याच्या तंबाखूला भाव मिळायचा प्रश्न वेगळा आणि वखारीत तो तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या पगाराचा वेगळा. दुसऱ्यावर जाड पुस्तक माझ्या तरी वाचनात आलं नाही. मोऱ्यांच्या कथांत ते तुकड्या-तुकड्यानं सापडतं, म्हणून मला त्या धरून ठेवाव्याशा वाटतात.

मुलीसाठी इंदिराबाईंची 'मालनगाथा' पण बघा. जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात त्यांनी. सावकाश वाचणाऱ्याला ओवी बरी, दोन ओळींत संपते. आणि 'चौंडकं' द्यावं का म्हणून विचारलंत. द्या. सतरा-अठराची असेल ती. त्या पुस्तकातली पोरगी तिच्याहून लहान आहे.

---

मल्लू, गोकाक

नमस्कार री. माझी भाषा कन्नड, मराठी आजोळची, गडहिंग्लज. चुकलं तर समजून घ्या.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, 'पर्व'. मी कन्नडमध्ये वाचलं, १९७९ ची पहिली आवृत्ती आमच्या काकांकडं आहे. सगळे पुरुष एका आवाजात विचार करतात हे तुमचं म्हणणं मूळ कन्नडला पण लागू आहे, अनुवादाचा दोष नाही. उमा कुलकर्णी बेळगावच्याच, आणि त्यांचं काम कसं चालायचं माहीत आहे ना? कन्नड पुस्तक त्यांचे यजमान विरुपाक्ष मोठ्यानं वाचायचे, टेप करून ठेवायचे, त्या ऐकून मराठीत लिहायच्या. एवढं जाडजूड 'पर्व' कानातनं मराठीत आलंय. म्हणून त्यांचं मराठी वाचताना कुणीतरी सांगतंय असं वाटतं, असा माझा अंदाज.

दुसरी, बेरड. तुम्ही दोनच चित्रं सांगितली, देखणा बेरड आणि पोलिसांचा बेरड. आमच्या कन्नडमध्ये तिसरं आहे. हलगली. मुधोळ तालुका, बागलकोट जिल्हा. १८५७ ला इंग्रजांनी हत्यारं जमा करा म्हणून हुकूम काढला, हलगलीच्या बेडरांनी, म्हणजे बेरडांनीच, दिली नाहीत. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, माणसं मारली, धरलेल्यांना फाशी दिली. त्यावर लावणी आहे, शाळेच्या कन्नड पुस्तकात असते. तुमची मुलगी बेळगावात शिकली म्हणजे कदाचित वाचली असेल. तिला विचारा. तिच्याकडं बेडर हा शब्द शूर म्हणून आलेला असेल, तुमच्याकडं गुन्हेगार म्हणून. एकाच घरात!

आणि राग येणार नसेल तर आणखी एक. ती कन्नड भराभर वाचत असेल तर कन्नडच वाचू दे की. पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कर्वालो' द्या, उडणाऱ्या सरड्याच्या मागं जंगलात जातात ती गोष्ट. सायन्सची मुलगी आहे, आवडणारच. बानू मुश्ताक यांच्या कथा द्या. २०२५ ला इंटरनॅशनल बुकर मिळाल्यावर सगळे इंग्लिश 'हार्ट लॅम्प' घेऊन बसले, मी म्हटलं आपल्याला मूळ वाचता येतंय तर 'एदेय हणते' का वाचू नये. हासनकडच्या मुस्लिम घरांतल्या बायका. कथा सगळ्या सारख्या ताकदीच्या नाहीत, काही ठिकाणी शेवट जोरात दार आपटल्यासारखा होतो. पण नवऱ्यांना आणि मौलवींना त्या ज्या बारीक टोचण्या देतात, तिथं मी हसलो आणि मग इकडं-तिकडं बघितलं.

---

खानापूरचा मास्तर

सगळ्यांचं म्हणणं थोर आहे, पण कुणी कॅलेंडर बघितलं का? पीयूसी सेकंड, सायन्स. वार्षिक परीक्षा, त्यानंतर सीईटी, नीट. मी कॉलेजात शिकवतो, या वर्षी पोरांचे चेहरे कसे होतात ते रोज बघतो. 'पर्व' तिच्या हातात पडू देऊ नका, एवढंच हात जोडून सांगतो. एक कथा, मग अभ्यास. लंपन किंवा बानू मुश्ताक, जे चटकन संपतं ते. आत्मकथनं सुट्टीत.

आणि सॅम्पलवाले, तुम्ही तिला विचारलंत का, तिला कशाबद्दल वाचायचंय? इथं सगळे आपापल्या आवडीची पुस्तकं वाटायला निघालेत.

डिसेंबर-जानेवारीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुठल्या तरी साहित्य संमेलनाला तिला घेऊन जा. परिसंवादात बसवू नका, झोपेल. पुस्तकांच्या स्टॉलवर सोडा आणि तुम्ही लांब उभे राहा.

---

सॅम्पलवाला, बेळगाव

मंडळी, निपाणीहून आत्ताच आलो, जेवण करून लिहायलोय.

मल्लू, तुमचं वाचलं आणि पोरीला हाक मारली. हलगली माहीत आहे का विचारलं. तिनं लावणीच्या चार ओळी धडाधड म्हणून दाखवल्या, परीक्षेला होत्या म्हणे. मग मी सांगितलं, यमनापूरच्या फाट्यावर आपण वळतो ना, तिथली माणसं तीच. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'हे शाळेत का नाही सांगितलं?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. शाळेत हलगलीचे बेडर इतिहासात लढून संपतात, गस्ती ज्यांच्याबद्दल सांगतात ती त्यांचीच पोरंबाळं पुढं शंभर वर्षं मार खात राहिली, हा दुवा कुठल्याच पुस्तकानं तिला दिला नाही. माझ्या मनात जी आधी कुठलं, नंतर कुठलं अशी गाठ बसली होती, ती तिथंच सुटली. 'बेरड' तिनं स्वतःच मागून घेतलं. मास्तर, सुट्टीपर्यंत थांब म्हणालो, कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडं आहे. हसू नका.

कन्नड वाचू दे म्हणालात त्याचा राग कशाला येईल ओ? थोडं वाईट वाटलं हे खरं, कारण ती मराठी मागायला आली होती आणि मला तेवढ्यानंच फार बरं वाटलं होतं. पण 'कर्वालो' घेतो. मराठीत पण आहे, उमाबाईंनीच केलंय. एक मराठी, एक कन्नड आणतो, बाप-लेक समोरासमोर बसून वाचू. बघू आधी कोण सरड्यापर्यंत पोचतंय.

रामदेव गल्ली काका, पेशव्यांबद्दलचा तुमचा मुद्दा मला दिवसभर छळत होता. तिथं मी तक्रार केली नाही, बरोबर. पण माझं म्हणणं असं की माधवरावांबद्दल शेकडो ग्रंथ आहेत. एका कादंबरीनं त्यांना देखणं केलं तर काही बुडत नाही, खरं काय ते बघायला दुसरीकडं जागा आहे. सुतगट्टीच्या बेरडांबद्दल मराठी वाचकाकडं कितीतरी वर्षं 'बारी'च होती. एकटंच पुस्तक असलं की त्याच्यावर ओझं जास्त पडतंय, त्यात लेखकाचा दोष नसला तरी. सुंदर लिहिणं गुन्हा आहे असं मी म्हणणार नाही, संकेश्वरला नंबर सोडून वाचत बसणारा मीच. वाचनालयाचा सभासद मी आहेच, पावती दाखवू शकतो.

तवंदीच्या ताई, वखारीचं जे लिहिलंत ते वाचून पुढं काय लिहावं कळेना. निपाणीला आज एका डॉक्टरांना महादेव मोऱ्यांबद्दल विचारलं. म्हणाले, 'आमच्या घरचं दळण तिथंच असायचं की.' पुस्तक वाचलंय का, तर नाही. 'एकोणिसावी जात' बाजारात दोन-तीन दुकानांत विचारलं, मिळालं नाही. तुमच्याकडं आहे का? 'चौंडकं' बद्दल तुम्ही शेवटी जे एक वाक्य लिहिलंत, त्यावर बायकोशी बोललो. ती म्हणाली, आधी मी वाचते. तिच्या उशाशी गेलंय.

---

तवंदीची लेक

आहे दादा, माझ्याकडं प्रत आहे. पुठ्ठा सुटलाय, मधली चार पानं चिकटवलेली आहेत, पण वाचता येतंय. चिकोडीला कॉल असेल तेव्हा आदल्या दिवशी इथं निरोप टाका, बसस्टँडजवळ आणून देईन. कव्हर घालून वाचा आणि परत द्या. आधीची प्रत अशीच एका वाचकानं नेली, अजून वाचतोयच तो.

आणि वहिनींना सांगा, 'चौंडकं' रात्री सुरू करू नका.